पाऊण तासाचे पैसे

नाही, पण मला सांगा, रडायलासुद्धा आगाऊ पैसे? तुम्हाला सांगतो, माझं हार्डवेअरचं दुकान आहे, गिऱ्हाईक कडी हलवून बघतं, बिजागरी उघडझाप करून बघतं, घासाघीस करून माझा जीव खातं आणि मग खिशात हात घालतं. आणि मानसोपचाराच्या दवाखान्यात? फोनवरची पोरगी साखर पेरत म्हणते, "काका, आधी पैसे भराऽऽ, मग वेळ पक्की होईल!" अगं बाई, माल तर दाखव! "पाऊण तास मिळेल, काका. आदल्या दिवशी कळवलं नाही तर पैसे परत नाहीत हं!" बरं, भरले. करता काय!

वेळ बायकोसाठी हो, मला काय धाड भरलीये? आमचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला. तेव्हापासून ही बोलतच नाही. म्हणजे "जेवायला वाढलंय", "दार लावून घ्या", बास. मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, तिला कुणाला तरी दाखवा, नाहीतर तीही हातची जाईल." म्हणून दर बुधवारी दुकान बंद करून हिला नेतो, बाहेर बाकड्यावर बसतो, समोर काचेच्या टाकीत मासे... तेही गप्प! ही बाहेर आली की विचारतो, "काय बोललीस?" "काही नाही. बसले होते." अहो, गप्प तर ही घरीही बसते, फुकट! पण भरले. करता काय!

आणि परवाच्या बुधवारी हिचं अंग तापाने फणफणलेलं. फोन केला तर पुन्हा तेच, "परत नाहीत हं, काका!" डोकंच फिरलं. म्हटलं, असं काय? पैसे माझे, पाऊण तास माझा, मीच येऊन बसतो! मेव्हणीला हिच्याजवळ बसवलं आणि गेलो तरातरा. आत त्या डॉक्टरबाई. मी सुरूच झालो... तुमचा दर, तुमचे नियम, तुमचे ते मासे! बाई आपल्या ऐकतायत. मी दमलो तेव्हा म्हणाल्या, "मुलाचं नाव काय होतं?"

आता बघा, केवढा सोपा प्रश्न! तोंड उघडलं, तर नाव येईचना. तो गेल्यापासून घरात मी ते घेतलंच नव्हतं हो... ही कोसळेल म्हणून. शेवटी आलं एकदाचं, आणि मग मी जो रडलो, धाय मोकलून, लहान पोरासारखा! बाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. हुंदके देत विचारलं, "याचे वेगळे?" "नाही," म्हणाल्या.

घरी आलो तर ही पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांकडे बघतेय. "अहो... त्याचं नाव घेतलंत?"

"घेतलं."

हिने कपाळावरची ओली पट्टी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी रोज घेते. बाथरूममध्ये, नळ सोडून. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

तिचा हात धरून बसलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पुढच्या वेळी दोघं जाऊ या का?"

लगेच फोन लावला. "काका, जोडप्याला दीडपट पडेल हं!" दीडपट! तोंडाशी आलं होतं, पण गिळलं आणि भरले. रडणारी माणसं दोन आणि दर दीडपट... व्यापाऱ्याच्या हिशेबाने स्वस्तच पडलं म्हणायचं!