समासातली नोंद

अफ्रा : ...हे बोट बघा माझं. चिकट आहे की नाही? तीन वर्षं आमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती ही मोटरसायकल, तरी ब्रेकची नळी अजून ओली.

माग्नुस : ओली आहे, हे मान्य. परंतु ओलावा दिसला म्हणजे गळतीच असली पाहिजे, हा निष्कर्ष तू फार घाईने काढतेस. एप्रिल महिना आहे, पहाटे दव पडतं...

अफ्रा : माग्नुसकाका, दवाने रंग सोलत नाही. हा मडगार्ड बघा. ब्रेक ऑइलचा थेंब पडत राहिला की रंगाला असे फोड येतात, मग पापुद्रा निघतो. एका दिवसाचं काम नाही हे.

माग्नुस : मी तुला नळ्या बदलायला सांगितल्या आहेत, त्यांचा इतिहास लिहायला नव्हे. एकोणतीस वर्षांची गाडी, एकोणतीस वर्षांच्या रबरी नळ्या. त्या काढ, तुझ्या त्या पोलादी जाळीच्या बसव आणि नऊच्या आत मोकळी हो. नऊला तुझे वडील यायचे आहेत.

अफ्रा : ठाऊक आहे. गाडीच्या वहीतल्या करारावरची आपली सही खोडायला येतायत.

माग्नुस : खोडायला! अडतीस वर्षं मी नगर कार्यालयात जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या, एका अक्षराची खाडाखोड केली नाही. आणि या वहीच्या पहिल्याच पानावर वेंडेलिन काट मारणार. गाडी दोघांची, एप्रिलपासून याकोबच्या सणापर्यंत, म्हणजे पंचवीस जुलैपर्यंत, माझी, तिथून ऑक्टोबरअखेर त्याची. सव्वीस वर्षं हा करार पाळला आम्ही. असा करार एका अपघाताने मोडावा, हे मला तर्काला धरून वाटत नाही.

अफ्रा : बाबांना वाटतं. ज्याला घाट उतरताना ब्रेक जपून वापरता येत नाही, त्याने वहीत नाव ठेवू नये म्हणतात. खानावळीत काय चालतं ते तुम्ही ऐकताच की. ‘चीजवाल्याने ब्रेकसुद्धा वितळवला!’ दर गुरुवारी तोच विनोद, आणि दर गुरुवारी बाबा हसतात.

माग्नुस : मी कधी हसलो नाही.

अफ्रा : नाही. तुम्ही बिअरमध्ये बघत बसता. तो बारा नंबरचा पाना द्या.

माग्नुस : हा घे. अफ्रा, ती नळी अशी वाकवून पाहू नकोस. सरळ टाकून दे.

अफ्रा : टाकायच्या आधी बघायची सवय आहे मला. हे रबरी टोपण वर सरकत का नाही? खाली काहीतरी... थांबा. पट्टी गुंडाळलीय कुणीतरी. आणि पट्टीवर दोरा.

माग्नुस : जुन्या गाडीत काय काय निघतं.

अफ्रा : निळा-पांढरा दोरा, काका. पाच वेढे, एकाला एक चिकटून, वर सपाट गाठ. आमच्या गोठ्यात सुतळी असते. हा दोरा तुमच्या कार्यालयातला, माझ्या जन्मदाखल्याला आहे.

माग्नुस : कापून टाक तो दोरा.

अफ्रा : कधी बांधलात?

माग्नुस : पट्टीने गळती थांबत नाही, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं असं म्हणता येईल.

अफ्रा : म्हणू नका. कधी?

माग्नुस : चोवीस जुलैला. गाडी सोपवायच्या आदल्या दिवशी.

अफ्रा : वही कुठे आहे? द्या इकडे. पंचवीस जुलै. ‘टायर ठीक. साखळीला तेल दिले. टाकी भरली. दोष : काही नाही.’ खाली तुमची सही, आणि सहा दिवसांनी बाबा यौफन घाटात. लिव्हर मुठीला टेकला आणि पुढे वळण. वर्षभर मी त्यांना व्यायामाला नेत होते, काका. मोटारीत बसले की विचारायचे, ‘अफ्रा, इतका वेळ दाबून धरला असेल का गं मी? ब्रेक तापेपर्यंत?’ मी म्हणायचे, ‘धरला असेल बाबा. होतं असं.’ मी म्हणायचे!

माग्नुस : तुला ठाऊक नव्हतं.

अफ्रा : तुम्हाला होतं.

माग्नुस : होतं. त्याआधी दोन वर्षं, खानावळीतच, वेंडेलिन म्हणाला होता की नळ्या म्हाताऱ्या झाल्या, बदलून टाकू. मी गाडीची पुस्तिका नेली होती. सगळ्यांसमोर वाचून दाखवलं : ‘चीर दिसल्यास बदलाव्यात.’ आणि विचारलं, दाखव चीर. त्याला दाखवता आली नाही. लोक खूप हसले.

अफ्रा : चीर टोपणाखाली होती.

माग्नुस : तेव्हा दिसत नव्हती. म्हणून वाद मी जिंकलो. मग त्या जुलैत मडगार्डवर थेंब दिसला, टोपण वर केलं, आणि चीर होती. मला एवढंच लिहायचं होतं की वेंडेलिनचं बरोबर होतं. अडतीस वर्षांत मी किती माणसांचे मृत्यू लिहिले. ते एक वाक्य मला लिहवेना.

अफ्रा : मग लिहायचं नव्हतं. फोन करायचा होता.

माग्नुस : करणारच होतो. आठवड्याला दोन थेंब, माझा हिशोब होता की महिनाभर काही होत नाही. रविवारी सांगू म्हटलं. शनिवारी दवाखान्यातून तुझा फोन आला.

अफ्रा : तुम्हीच ट्रेलर घेऊन गेलात गाडी आणायला. मी तुमचे आभार मानले होते.

माग्नुस : मानले होतेस.

अफ्रा : पावणेनऊ झाले. बाबा सही खोडायच्या आत लिहा. त्या तारखेखाली.

माग्नुस : मागच्या तारखेची नोंद करता येत नाही. तो खोटेपणा ठरतो.

अफ्रा : खोटेपणा! तुम्ही सांगताय मला?

माग्नुस : ऐक. मूळ नोंद तशीच ठेवायची असते, चुकीची असली तरी. दुरुस्ती समासात करायची, आजच्या तारखेने, आजच्या सहीने. म्हणजे चूक कोणाची होती आणि ती किती दिवस तशीच पडून होती, दोन्ही वाचणाऱ्याला दिसतं.

अफ्रा : मग समासात लिहा. बोलत बसू नका. मी नळ्या बसवते.

(नऊच्या सुमाराला बाहेर फरशीवर काठी वाजते.)

वेंडेलिन : अरे वा, खर्डेघाशा आधीच हजर! अफ्रा, खारे ब्रेत्सल पाव आणलेत, भट्टीतून आत्ता काढलेले. लोणी पण आहे. गाडीला हात लावायच्या आधी हात पूस, बये. आणि तुझं तोंड का असं, माग्नुस? रविवारी फादर गाड्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडणार, तू पहिल्या रांगेत, एकटा धनी. मजा कर लेका.

माग्नुस : वेंडेलिन, बस.

वेंडेलिन : बसलो की उठायला दोन माणसं लागतात. उभाच बरा. पेन दे, काट मारतो आणि जातो, कढईत दूध ठेवलंय.

माग्नुस : आधी शेवटचं भरलेलं पान पाहा. समासात.

वेंडेलिन : चष्मा घरी राहिला. तूच वाच. तुला मोठ्याने वाचायला आवडतं.

माग्नुस : ‘दुरुस्ती. पंचवीस जुलै रोजी पुढच्या ब्रेकची नळी गळत होती. नोंद करणाऱ्यास ते ठाऊक होते. त्याने त्यावर पट्टी बांधली व दोष काही नाही असे लिहिले. यौफन घाटात ब्रेक गेला तो नळीमुळे, चालवणाऱ्याच्या हातून नव्हे.’ खाली आजची तारीख. माझी सही.

वेंडेलिन : पुन्हा वाच.

माग्नुस : सगळं?

वेंडेलिन : शेवटचं.

माग्नुस : ‘चालवणाऱ्याच्या हातून नव्हे.’

वेंडेलिन : अफ्रा, ब्रेत्सल गार होतायत. खाऊन घे.

अफ्रा : बाबा...

वेंडेलिन : मला कळलं होतं रे.

माग्नुस : काय कळलं होतं?

वेंडेलिन : त्या दिवशी खानावळीच्या अंगणात तू किल्ली दिलीस. मी बसलो, लिव्हर दाबला. मऊ लागला. जमायच्या आधी हलवलेल्या दुधासारखा. चाळीस वर्षं मी चीजच्या दुधात बोट घालून सांगतो, आता कापा, आता थांबा. हाताला लगेच कळलं. मग तुझी वही उघडली. एवढं सुरेख अक्षर. ‘काही नाही.’ म्हटलं, माग्नुस लिहितो म्हणजे नसणार, हातच म्हातारा झाला.

माग्नुस : तू तेव्हा विचारलं असतंस तर...

वेंडेलिन : तर तू पुस्तिका काढली असतीस.

माग्नुस : हो. काढली असती.

वेंडेलिन : तेव्हापासून कढईपाशीसुद्धा दोनदा हिच्या आईला विचारतो, जमलंय का गं? ती म्हणते, मला काय विचारता, तुम्ही चीजवाले. गाडीचं सोड. पाय पण सोड. तो हात मला परत मिळाला नाही, माग्नुस.

माग्नुस : मी आज संध्याकाळी खानावळीत हे वाचून दाखवीन. गुरुवारच आहे. सगळे असतील.

वेंडेलिन : फार गलका असतो तिथे.

माग्नुस : मोठ्याने वाचीन.

वेंडेलिन : वाच. मी येणार नाही. मला परत त्यांच्यासमोर हसायला लावू नकोस.

माग्नुस : वेंडेलिन, तीन वर्षांची दुरुस्ती समासात मावत नाही, हे मला कळतं.

वेंडेलिन : कळतंय ना? मग त्यावर भाषण नको.

अफ्रा : तुमचं काय ते नंतर करा. नळ्या बसल्या, सांध्यांच्या चकत्या नव्या घातल्या, आता नळ्यांतली हवा काढायचीय. एक माणूस लिव्हरवर लागेल मला.

वेंडेलिन : हा उभा आहे की रिकामा.

अफ्रा : त्यांचा हात नको मला. बाबा, तुम्ही या. काठी माझ्याकडे द्या. काका, तुम्ही ऑइलची बाटली धरा, वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही. एक थेंबसुद्धा खाली सांडू नका.

माग्नुस : नाही सांडणार.

अफ्रा : दाबा. धरा. धरून ठेवा... सोडा. परत. दाबा. धरा. बुडबुडे येतायत. सोडा.

वेंडेलिन : अजून पोकळ आहे.

अफ्रा : माहीत आहे. दाबा. धरा. सोडा. काका, डबीकडे लक्ष द्या, वहीकडे नको. दाबा. धरा... आता आलं. स्वच्छ आलं. नट घट्ट केला. सोडा, आणि आता नुसतं दाबून बघा. कसं लागतंय?

वेंडेलिन : घट्ट वाटतंय.

माग्नुस : लिहू का तसं? वेंडेलिन? ‘ब्रेक ठीक’ असं?

वेंडेलिन : थांब. मला अजून एकदा दाबून बघू दे.