ह्यायच्या ऑपरेशनचा अंगठा

माहं माहेर अकोल्याचं, बाप कापसाच्या जिनिंगात कामाले होता. लग्न होऊन मी मोर्शीले आली, आमचे हे संत्र्याच्या बगीच्यात राबत. माणूस तगडा, पन महाराष्ट्र झाला त्या साली ह्यायले रक्ताची हगवण लागली ते थांबेच ना. वैद्य म्हणे संग्रहणी हाय, ताकावर ठेवा, तं ताकावर ठेवलं, पार सांगाडा झाला. मंग अमरावतीच्या डॉक्टरनं सांगतलं का मोठ्या आतड्याले आतून जखमा हायत, गोळ्या देल्ल्या, म्हणे ह्या एकदम बंद करू नोका.

काय सांगू तुमाले, रक्त थांबलं अन् ह्यायचं तोंड असं गोल झालं, जो तो म्हणे बाई, तुह्या नवऱ्यानं बाळसं धरलं. थे गोळ्यायची सूज होती हे आमाले काय माईत. सासू म्हणे मारोती पावला, नवस फेडा. रोडगे केले, गाव जेवलं, अन् सासू म्हणे नवस फेडल्यावर दवा घेतली तं देवावर इस्वास नाही असं होते. मी बोलली का डॉक्टर नाही म्हणत होता, पन खरं सांगतो, थे गोल तोंड पाहून मलेबी देवच पावला वाटे. गोळ्या बंद झाल्या.

थोड्याच रोजात पोट फुगलं, ताप, रक्त. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणे आतडं फुटाले आलं, काढाच लागते, माणूस इतका खंगला का टेबलावरच जाऊ शकते, अन् वाचला तं जन्मभर पोटाच्या भोकातून संडास होईन, पन हे बिमारी परतून येनार नाही. हे सुदीत होते, मले म्हणे तसं जगवू नोको, घरी ने. मी हो म्हटलं. मंग ह्यायची सूद गेली, डॉक्टरनं कागद पुढं केला, तं म्या अंगठा देल्ला. आमची पोरगी दहा वर्षाची होती, काय करू.

सुदीवर आल्यावर ह्यायनं पोट चाचपलं अन् इचारलं, अंगठा कोनाचा. म्या म्हटलं माहा. तोंड भिताडाकडं फिरवलं. मंग त्यावर एक शब्द नाही, ना राग ना शिवी. शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं.

आता जेवतात, हिंडतात, रक्त नाही. पोटाले रबरी पिशवी, ते फाटली का जुन्या लुगड्याचे फडके, मीच धुतो. पंगतीत जात नाहीत, वास येईन म्हणतात. औंदा पोरीचं लग्न झालं. बिदाईले पोरगी रडत बापाले बिलगाले आली, तं हे पोटावर हात धरून मांगं सरले. पोरीले वाटलं बाप रागावला. मले माईत हाय काहून सरले.

देव त्यायले शंभर वर्षं औक्ष देवो. रोज मागतो मी, अन् मागताना मले लाज वाटते.