ट्रंकेतली झबली

हॅलो? मोरेनिके? ये, फोन कानाला घट्ट लाव, गोष्ट सांगते. आज चर्चमध्ये पास्टरबाबांनी योनाची कथा अशी गाऊन सांगितली, जणू स्वतःच माशाच्या पोटात शिरले आणि… काय? रडतेस का ग?

इस्पितळात? बाळ?… पिवळं म्हणजे किती पिवळं? डोळेसुद्धा? अगं, परवाच बारसं करून मी इबादानला परतले, तेव्हा कसा गुलाबी होता माझा अयान्फे!

थांब, घाबरू नकोस. ज्वारीची लाल पानं हातातच आहेत. अर्क काढते, उद्या सकाळी जोसला तुझ्याकडे पोचते… हो, हो… अगं ऐक ना! विद्यापीठाची पोरं तपासायला माझ्याच दुकानातून नेतात ही. रक्ताला गंज चढू देत नाहीत म्हणे! अर्धा बाजार रक्तवाढीला माझ्याकडे…

तोंडाने काहीच नाही? थेंबभरसुद्धा? डॉक्टरीणबाईंना सांग ना, माझी आई झाडपाल्याची… बरं. नको सांगू.

काय विचारतायत त्या?… मलम? नाही चोळलं. धुरी? नाही ग. कपडे? तुझीच लहानपणची झबली की, बारशाला मी आणलेली! अठ्ठावीस वर्षं ट्रंकेत, एक भोक नाही. दरवर्षी नव्या डांबरगोळ्या घालून…

का? गोळ्यांनी काय होतं?

नुसत्या वासाने? रक्त फुटतं?… जन्मतःच नाजूक आहे त्याचं… मला काय ठाऊक, पोरी!

नाही धुतली. तू धुवायला निघालीस, मीच अडवलं. म्हटलं, आईचा वास लागू दे लेकराला.

काढ ती. टोपीपण… काढली? जाळून टाक. लोकांचं रक्त राखणारी मी, आणि घरच्याला… दोष नाही म्हणू नकोस ग! शिवी दे मला, त्यापेक्षा शिवी दे.

सगळं रक्त बदलणार? एवढ्याशा जिवाचं?… जावयाचं जुळलं नाही? मग?… मोटारसायकलवाला? तुम्हाला इस्पितळात सोडलं तोच? रक्त द्यायला स्वतःहून हात पुढे केला?

नाव काय त्याचं?… विचारलं नाहीस? हौसा जमातीचा मुसलमान असू दे, नाहीतर कुणी असू दे, नाव तर विचारायचं!

बोलावतायत? जा, जा. मी काय करू इथे? पानं धरून बसलेय नुसती… हो, टेकते गुडघे. पण ऐक, बाळ वाचो… वाचेलच. तू त्या माणसाला गाठ, नाव विचार. रोज प्रार्थनेत माझ्याआधी त्याला आठव. आठवशील ना?… मोरेनिके?… हॅलो?