पितळेची परात

अहो ताई, हलू नका — परात हलली की उजेड तुमच्या गालावरून सरकतो आणि थेट कानात जातो. मांडीवर धरा, जरा तिरकी, माझ्याकडे नको, तुमच्या तोंडाकडे. हां, अश्शी! आहेच विचित्र, मला का कळत नाही? मुलुंडच्या भर बागेत एक बाई अनोळखी बाईच्या मांडीवर आईची पितळी परात ठेवते आणि बाजूने त्यात फ्लॅश मारते — तो काका बघा, तिसरी फेरी मारतोय, एरवी दीड फेरीत बाकावर बसतो. चिंच लावून घासलीय हो सकाळी, स्वच्छ आहे. नेहमीचा चंदेरी रिफ्लेक्टर असतो ना, तो आपल्या रंगावर राख फासल्यासारखा उजेड टाकतो. पितळेचा बघू कसा पडतो. उद्याच्या शूटची तालीम ही.

तुम्हालाच का विचारलं? रागवू नका — उद्याच्या मुलीचा रंग तुमच्याशी जुळतो. काळी आहे ती. मीही आहे, दिसतंय की. पण म्हणायचं काय, तर ‘सावळी’, ‘गव्हाळ’ — गहू बघितलाय का ह्यांनी कधी? ऋता नाव तिचं. लग्नाच्या स्थळांसाठी फोटो हवेत. म्हणाली, ‘मला आहे तशीच काढ, अक्षता.’ दहा मिनिटांत तिच्या आईचा फोन — ‘थोडी उजळ कर हं बाळा, तिला सांगू नको.’ थोडी! घराला चुना मारतात तशी थोडी. आणि मी काय म्हटलं असेल? ‘हो काकू.’ सवय हो, दुसरं काय. नऊ वर्षं हेच करतेय, अर्धं मुलुंड मी गोरं केलंय.

तोंड मिटा जरा. हां.

माझ्या बहिणीलाही केलं. क्षमाला. तिने सांगितलं पण नव्हतं — मीच शहाणी! आई आमची मालवणी, हिच्याबद्दल येईल-जाईल त्याला सांगायची, ‘चेडू काळां आसा, पण नाकाडोळ्यान बरां आसा.’ म्हटलं थांब, करते उपाय. आणि काय, स्थळ लग्गेच आलं ना, साकीनाक्याहून, चौघं जण. क्षमा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईने फोनमध्ये बघितलं, क्षमाकडे बघितलं, परत फोनमध्ये. मग अगदी गोड आवाजात — ‘ही मोठी बहीण का? मुलीला बोलवा की.’

चहा प्यायले हं सगळे. बिस्किटं पण खाल्ली.

आता चेंबूरला असते ती, नवरा चांगला मिळाला, सगळं छान आहे. पण लग्नाचे फोटो दुसऱ्याने काढले. मी आपली पाहुण्यासारखी जेवले, पान खाल्लं, घरी आले. सहा वर्षं झाली, माझ्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. त्या फोटोबद्दल एका शब्दाने बोलली नाही — चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतेय मी हे सगळं? हनुवटी वर.

तर उद्या ऋताच्या फोटोला एक बोट लावणार नाही मी. असा उजेड टाकते की काकूंची बोलतीच बंद झाली पाहिजे. शेवटचा एक घेते... आईशप्पथ. ताई, या, या इकडे, बघा! हा गाल बघा, डोळे बघा — हा तुमचाच रंग आहे, जसाच्या तसा, मी काही केलं नाहीये. काय झकास दिसताय यार तुम्ही! क्षमाला हा पाठवते आज. बघू दे तिला. बोला ना, आवडला?

अं?

नाही, ऐकू आलं मला. होतो ना, का नाही होणार? एका बोटाचं काम आहे. गोरा करून देते. केवढा गोरा हवाय?

नको, फोन नंबर नका सांगू, नाही पाठवायचा मला तसला. परात ठेवा त्या बाकावर, आणि जा तुम्ही. जा ताई, माझा उजेड चाललाय.