तपकिरी फांदी

...आणि फ्रिजचं दार भरलं म्हणून आता म्हणे देवघराशेजारची भिंत! अहो, तुम्हाला सांगतो, करंजाड्यातला आमचा साधा वन बीएचके, त्यात माणसं तीन आणि माइंड मॅप सतरा! पाणी प्यायला फ्रिजकडे जावं तर समोर पेशीची रचना, आंघोळीला जावं तर दारावर मूत्रपिंड... आमची सई बारावीला आहे ना, ती असाच अभ्यास करते. मधे एक गोल, गोलात विषय, मग चहूकडे फांद्या, फांदीला फांदी, प्रत्येकीला वेगळा रंग. मी म्हटलं, बाई गं, सरळ एकाखाली एक ओळी लिही की, आम्ही तशाच लिहून नोकरीला लागलो! तर म्हणते, "बाबा, मेंदू ओळीत विचार करतच नाही." झालं! म्हणजे तीस वर्षं मी विचार केलाच नाही.

पण हसू नका. मार्चमध्ये सुनीताला, म्हणजे आमच्या हिला, पॅरालिसिसचा झटका आला. हात आठवड्यात हलला, पाय महिन्यात चालू लागला, शब्द मात्र गेले ते गेले. समजायचं सगळं, बोलता येईना. हातात चमचा असायचा आणि चमचा म्हणता यायचं नाही, नुसती बघत राहायची... सव्वीस वर्षं जिच्या बोलण्यापुढे मला टीव्हीचा आवाज वाढवावा लागला, ती बाई! घर इतकं शांत झालं की मला कुकरच्या शिट्टीचा आधार वाटायचा.

मग सईनेच आईसाठी माइंड मॅप काढला. मधल्या गोलात 'आई' आणि भोवती तिचं सगळं जग. लाल फांदीवर दूध, कुकर, पोहे. हिरव्या फांदीवर तुळस, कढीपत्ता. निळ्या फांदीवर उरणहून मासे घेऊन येणारी मैना. आणि मी? गोळ्या आणि गॅस सिलिंडर यांच्या मधे, तपकिरी फांदीवर, 'विनायक'! तपकिरी का, तर बाकीची स्केचपेनं वाळली होती. तुम्हाला सांगतो, मी आपला फांदीवर.

रोज सकाळी ही बोट ठेवून वाचायची. "दू...ध." वा! "तु...ळस." वा वा! "मै...ना." क्या बात है! आणि बोट माझ्यावर आलं की थांबायचं. ओठ हलायचे, मान खाली जायची आणि बोट पुढे सरकायचं... "गॅस!" म्हणजे सिलिंडर आठवतो आणि नवरा नाही? मी छातीवर हात ठेवून विचारायचो, "मी कोण गं?" ती आपली गाऊनच्या बटणाशी चाळा करत बसायची. मी सुरुवात करून द्यायचो, "वि... वि..." तर एकदा खुशीत म्हणाली, "विळी!" विळी आठवली, मी नाही.

पनवेलला स्पीच थेरपीला न्यायचो. तिथल्या स्नेहल मॅडम, वय असेल सव्वीस, फोनवर स्वतःच्या नवऱ्याला "ए इंद्रजीत, ऐक ना" म्हणणाऱ्या, त्या फाइलमध्ये दर वेळी लिहायच्या: पतीचं नाव, नाही. मला म्हणायच्या, "काका, नावं शेवटी येतात, पेशन्स ठेवा." ठेवला हो! सई म्हणाली, "बाबा, तुम्हीपण एक मॅप काढा, डोकं मोकळं होईल." ऑफिसात बसून काढला. मधे गोल, गोलात 'सुनीता'. पुढे एक फांदी सुचेना. जिला मी आठवत नाही, तिच्यापासून रेघ ओढायची तरी कुठे? खरं सांगतो, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीत रडलो.

तर परवाची गोष्ट. थेरपीहून आलो, लिफ्टमधून बाहेर पडलो, तर दारात मैना टोपली घेऊन बसलेली. "ताय बोलते का वो आता?" मी वैतागलेलोच होतो. म्हटलं, बोलते ना, तुझं नावसुद्धा घेते, फक्त माझं घेत नाही, विसरली मला. मैनेने कपाळावर हात मारला. "अवो सायेब, तुमी येडं हाव का? तायनं कदी घेतला व्हता तुमचा नाव? बायको नवऱ्याचा नाव नाय घेत!"

खरंच की! सव्वीस वर्षांत 'अहो', 'ऐकलंत का', 'सईचे बाबा'... बँकेचा फॉर्म भरतानासुद्धा "यांचं नाव तुम्हीच लिहा"! आणि फांदीवर 'विनायक' लिहिलं कुणी? सईने. तपासलं कुणी? मॅडमनी. मी रोज समोर बसून डोळे पुसतोय, पण हे माझ्याही डोक्यात येऊ नये? ती विसरली नव्हती हो, ती लाजत होती!

मैनेने टोपली आडवी लावून दारच अडवलं. "ताय, नाव घे, मंगच आत सोरते!" सुनीता उंबऱ्यापाशी थांबली. एकदा माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि एका दमात, कुठेही न अडखळता...

"निरांजनाच्या वातीला साजूक तुपाची धार, विनायकरावांचं नाव घेते, सोडा आता दार!"

आतून सई पुस्तक टाकून धावत आली. लग्नाच्या दिवशी माझ्या बहिणींनी दार अडवलं होतं, तेव्हा घेतलेला हा उखाणा, जसाच्या तसा! मैना पदराने डोळे पुसत म्हणाली, "बगा, हाय का नाय सगला डोक्यात?"

आज सकाळी मी ऐटीत थेरपीला. मॅडम, विचारा! मॅडमनी विचारलं, "काकू, यांचं नाव काय?" हिने ओठ घट्ट मिटले. मग ती माझ्याकडे वळली आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा मला हाक मारली, "अहो... सांगा ना!"

मॅडमनी फाइलमध्ये लिहिलं, नाही. लिहू देत! घरी येऊन सईने 'विनायक' खोडलं आणि तिथे 'अहो' लिहिलं. हिने बोट ठेवून वाचलं, दोनदा वाचलं. येताना मी चोवीस रंगांची नवी स्केचपेनं घेऊन आलो होतो, म्हटलं आता तरी केशरी करा, जांभळा करा. तर सई म्हणते, "नको बाबा, आईला आता सवय झालीये." बरं बाई. तेव्हा काय... मी आपला फांदीवर. तपकिरी.