तिसऱ्या मुलीचं नाव

(आयर्लंड, कॉर्क परगणा, १९५२. बाजारगावातल्या एका किराणा दुकानावरची खोली. नेल काल पहाटे बाळंत झाली आहे. तिचा नवरा कॉन आणि थोरली नणंद हॅना मुलीचा बाप्तिस्मा करून चर्चमधून आत्ताच परतले आहेत. बाळंतिणीने तिथे जायचं नसतं.)

नेल : पुन्हा सांगा.

हॅना : इमेल्डा. इमेल्डा मेरी. फादरसुद्धा म्हणाले, नाव छान निवडलंत.

नेल : मुलगी तुमच्या हातात दिली तेव्हा मी कोणतं नाव सांगितलं होतं?

हॅना : माझ्या लक्षात आहे ते.

नेल : मग?

हॅना : तोंडातून निघेना. समोर डॉक्टरांची बायको उभी, बाजूला बँकवाल्यांची बहीण. त्यांच्यासमोर मी काय म्हणू? गबनेट? तुमच्या डोंगरात ठीक आहे. तिकडे प्रत्येक घरात एक गबनेट आणि प्रत्येकीच्या अंगाला शेणाचा वास.

नेल : माझ्या आईच्या अंगाला यायचा. चौदा गाईंच्या धारा काढायची ती.

हॅना : मी तुझ्या आईला नावं ठेवत नाही. देव तिला शांती देवो. पण इथे नाटकात मोलकरणीचं सोंग आणायचं असलं की तिला हेच नाव देतात. उद्या पोरगी बोर्डिंगच्या शाळेत जाईल. नन हजेरी घेतील आणि वर्ग फिदीफिदी हसेल. मी तिचं भलंच केलं.

नेल : कॉन, तू तिथे होतास.

कॉन : होतो ना.

नेल : काय करत होतास?

कॉन : काय करणार? टोपी हातात धरून उभा होतो.

नेल : तुझ्या कानावर पडलं ना, तुझी बहीण दुसरंच नाव सांगतेय ते?

कॉन : पडलं. पण फादर इतके भरभर वाचतात, नेल. मध्ये तोंड घालायला जागाच नव्हती. आणि चर्चमध्ये तमाशा कोण करणार?

नेल : थोरली झाली तेव्हा ठरल्याप्रमाणे माझ्या आईचं नाव यायला हवं होतं. पहिल्या मुलीला आजोळच्या आजीचं नाव, हे तुमच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. पण तुझी आई तीन दिवस जेवली नाही, म्हणून मुलीला तिचं नाव दिलं, मार्गारेट. मी गप्प बसले. दुसरीला हॅनांचं नाव ठेवलं, त्या बाप्तिस्म्याला धर्ममाता झाल्या म्हणून. तेव्हाही गप्प बसले. आता डॉक्टर म्हणालेत, यापुढे मूल नको, जीव जाईल. मग माझ्या आईचं नाव कोणाला ठेवू? दुकानातल्या मांजरीला?

कॉन : तू चिडू नकोस. तुझ्या अंगात ताकद नाही अजून.

नेल : चिडले नाही. किळस आलीय मला. तू जवळ येऊ नकोस. भरदुपारी बारा वाजता तुझ्या तोंडाला व्हिस्कीचा वास येतोय.

कॉन : मुलीच्या नावानं घेतली, दोनच घोट. चर्चमधून येताना सगळ्यांनी आग्रह केला.

नेल : कोणत्या नावानं?

हॅना : पुरे झालं आता. खाली पाहुणे बसलेत, मला हॅम कापायचाय. आणि ए, त्या किटलीला हात लावू नकोस. मी ओतून देते. अजून फादरनी तुझी शुद्धी केलेली नाही. तुझ्या हातचा विटाळ किटलीला नको, त्यातलाच चहा खाली जायचाय.

नेल : म्हणजे माझ्या पोटची मुलगी फादरच्या हातात गेलेली चालते. माझा हात किटलीला लागलेला चालत नाही.

हॅना : रीत आहे ती. मी नाही काढलेली.

नेल : बरं, रीतीचंच बोलू. काल मिसेस टूमी जाताना तुम्हाला काय सांगून गेली?

हॅना : कोण, ती सुईण? काहीतरी बडबडत होती मागच्या दाराशी. एप्रन रक्तानं माखलेला आणि ती माझ्या धुतलेल्या लाद्यांवर उभी. म्हटलं, बाई, निघ आधी.

नेल : म्हणजे ऐकलं नाहीत.

हॅना : काय ऐकायचं होतं त्यात?

नेल : मुलगी काल पहाटे निळी पडली होती. जन्मली तेव्हा श्वासच नव्हता. टूमीनं तिला उलटं धरलं, पाठ चोळली, काही होईना. मग तिनं उशाशी असलेल्या त्या कपातलं पाणी घेतलं, तिच्या डोक्यावर तीनदा ओतलं आणि बाप्तिस्मा दिला. मला विचारलं, नाव काय? मी म्हटलं, गबनेट.

हॅना : काय सांगतेस?

नेल : मूल मरायला टेकलं असेल तर सुईणीनं दिलेला बाप्तिस्मा खरा असतो. लहानपणी तुम्हीही पाठ केलंय हे, माझ्यापेक्षा चांगल्या शाळेत. टूमी म्हणाली, तरी चर्चमध्ये न्यायचं, तेल लावणं वगैरे बाकीचं फादर करतील, फक्त त्यांना आधी सांगायचं. तोच निरोप घेऊन ती खाली तुमच्याकडे आली होती.

हॅना : आणि तू? सकाळी मला काही बोलली नाहीस ती?

नेल : मला वाटलं तुम्हाला कळलंय. नाव सांगितलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत.

हॅना : देवा रे. म्हणजे झालेला बाप्तिस्मा मी पुन्हा करवला. फादरच्या हातून. त्यांना न सांगता.

कॉन : दोनदा झाला तर बिघडतं का?

हॅना : अरे गाढवा, बाप्तिस्मा दोनदा होत नसतो. पाप आहे ते. आणि ते माझ्या माथी. वेदीवरची फुलं मी सजवते, कॉन. दर शनिवारी मी सजवते.

नेल : माझी शुद्धी महिन्याभरानं आहे. तेव्हा मी फादरना सांगू शकते. त्या दिवशी आणखीही बायका असतील. नाहीतर तुम्ही आत्ता जा, एकट्या. सांगा की मुलगी आधीच गबनेट झालेली होती आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत तसं लिहायला लावा.

हॅना : पाहुणे बसलेत खाली.

नेल : हॅम कॉन कापेल.

हॅना : फादर जेवायला बसले असतील आता.

नेल : मग त्यांचं जेवण होईपर्यंत दाराशी उभ्या राहा. टूमी उभी होती तशी.

हॅना : तू घरात आलीस तेव्हाच मी आईला म्हटलं होतं. ही डोंगरातली मुलगी दिसते गरीब, पण आतून दगड आहे. माझी हॅट कुठे गेली, कॉन? ही नव्हे, काळी दे. आणि खाली कोणी विचारलं तर म्हण, हॅना प्रार्थनेचं पुस्तक विसरली.

नेल : जाताना दार ओढून घ्या.

कॉन : गेली ती. नेल, मी तिला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

नेल : मुलीला इकडे दे.

कॉन : घे. झोपलीय. नेल, खरंच निळी पडली होती ती? की हॅनाला धडा शिकवायला तू म्हणालीस?

नेल : टूमीला विचार. तिच्या दाराशी जा आणि विचार, आधी आभार मानून.

कॉन : तसं नाही गं. पण मला कोणी काही सांगितलंच नाही. मी इथेच होतो, खाली. मला हाक मारायची होतीस.

नेल : मारली.

कॉन : मला ऐकू आली नाही.

नेल : मी तुझ्याच नावानं ओरडत होते, कॉन. टूमीनं पाणी घेतलं तेव्हापासून ते मुलगी रडेपर्यंत. दूधवाले आणि बाजाराला निघालेले लोक खाली दुकानात चहाला आले होते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून जिन्याचं दार लावायला सांगितलं हॅनांनी.

कॉन : कोणाला सांगितलं?

नेल : तुला. आणि तू लावलंस.