नारळ परत आला

अंदमानच्या कोरलचे फोटो मागू नका, एकही नाही. कारण आमची आई.

आई वाशीजवळच्या सारसोळे गावची कोळीण. म्हणे, दर्याला नारळ दिल्याशिवाय बोटीत पाय ठेवणार नाही. सेल्युलर जेल बघून झालं, काचेच्या तळाच्या बोटीत आमच्या टूरचे सगळे बसले, आणि हिने जेट्टीवरून वाशी मार्केटचा नारळ फेकला. लाटेने परत आणला. पुन्हा फेकला, पुन्हा परत.

"दर्या घेत नाय," आई म्हणाली. "आज जायाचा नाय."

समुद्र एकदम शांत. पण मी पचकलो, "आम्ही पिढीजात कोळी, तिला कळतं." झालं! आधी पुण्याचं हनिमूनवालं जोडपं उतरलं, मागोमाग अख्खी बोट. शेवटी बोटवाल्यानेही आईच्या पाया पडून इंजिन बंद केलं.

हॉटेलवर विचारलं, "आई, आपल्या खाडीतही नारळ परत येतोच ना?"

"येतोच. नारल कदी बुडतो काय?"

"मग?"

आईने आधी दार लावलं. "मना बोट लागल असा भ्या वाटला रे. जल्मभर बाजारात मासली इकली, बोटीत कदी बसले? समद्यांसमोर उलटी झाली असती, तं सारसोल्याची काय इज्जत रायली असती?"